पापणीनानांच्या डोळ्यातला मध

कोणी नवीन माणूस समोर आला की नाना त्याच्या तोंडाकडे बघत नसत, पापण्यांकडे बघत. जळगावच्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी मशीनवर डोळ्याचं माप घ्यायचं काम त्यांचं. आत बसवायच्या भिंगाचा नंबर त्या मापावर ठरतो. माप चुकलं की भिंग चुकलं, आणि ते काही चपलेसारखं बदलून मिळत नाही. सगळे त्यांना पापणीनाना म्हणत. मी त्यांच्या हाताखाली शिकले, म्हणजे रोज बोलणी खाल्ली.

आमचे पेशंट फार सभ्य. हनुवटी टेकवली की फोटोला बसल्यासारखे डोळे ताणून धरतात. डोळा कोरडा पडतो आणि माप बिघडतं. मग नाना ओरडायचे, "मिटा हो, मिटा! मशीन काय तुमचा सासरा आहे, टक लावून बघायला?" सासऱ्याकडे टक लावून कोण बघतं, असं मी एकदा विचारलं. "लग्न कर, मग कळेल," म्हणाले. माझं लग्न होऊन सहा वर्षं झाली, अजून कळलेलं नाही.

मशीननं हिरवी खूण दिली तरी त्यांचं समाधान नसे. तीनदा मोजायचं. तिन्ही आकडे जुळले तर ठीक, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. "हिरवं काय, गाजरगवतही असतं," म्हणायचे.

पण त्यांचा खरा वैरी मध. चोपड्याकडच्या आज्या तपासणीआधी डोळ्यात मध घालून येत, डोळा स्वच्छ व्हावा म्हणून.

"काय टाकं वं माय डोयामा?" डोळ्यात काय टाकलं, असं नाना त्यांच्याच अहिराणीत विचारत.

"मध शे भाऊ, घरना!"

झालं! त्या चिकट थरावरून माप पार वाकडं येतं. नाना समजुतीखातर आजीच्या हातात केळं देऊन तिला घरी पाठवत आणि चार दिवसांनी बोलावत. ऑपरेशनची यादी कोलमडली म्हणून डॉक्टर आदळआपट करत. नानांना त्याचं काही नाही.

निवृत्तीला महिना उरला आणि नानांनाच मोतीबिंदू झाला. तोही उजव्या डोळ्याला. डाव्यानं त्यांना लहानपणापासून जेमतेमच दिसायचं, सगळी भिस्त उजव्यावर. आणि माप घ्यायचं मी! हिरवी खूण उमटली तशी नाना घाईनं म्हणाले, "आलं ना? दे लिहून."

मी दचकले. हा माणूस आणि एका मापावर खूश? पुन्हा मोजलं, आकडा वेगळा. तिसऱ्यांदा तिसराच. वाकून पाहिलं, तर पापणीच्या कडेला काहीतरी चिकट चमकत होतं.

"नाना, मध?"

नाना छताकडे बघायला लागले. "तुझी काकू ऐकते का कोणाचं? जगाला दटावलं, आणि घरात मुकाट डोळा पुढे केला."

मी त्यांना केळं दिलं आणि घरी पाठवलं. डॉक्टरांनी माझी खरडपट्टी काढली. नाना दारातून वळून एवढंच म्हणाले, "आता शिकलीस." मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

चार दिवसांनी तिन्ही आकडे जुळले आणि ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, पण नजर तपासायची कशी? भिंतीवरचा तक्ता त्यांना तोंडपाठ. काही दिसत नसतं तरी शेवटची ओळ घडाघडा म्हणून दाखवली असती. शेवटी मी कागदावर बारीक अक्षरात एक ओळ लिहिली आणि लांब जाऊन उभी राहिले.

"'काकूंनी आज डोळ्यात काय घातलं?'" नानांनी खणखणीत वाचलं आणि मला एक सणसणीत शिवी हासडली. मग तीच ओळ पुन्हा वाचली. मग कागदाकडे नुसतेच बघत राहिले, टक लावून.

"मिटा हो नाना, मिटा," मी म्हटलं.

त्यांनी पापणी मिटली, तशी दोन्ही डोळ्यांतून धार लागली.