मुठीतल्या खाचा

आमच्या थोरल्या जाऊबाई, कडूबाई. गरीब गाय, पन हट्टाला पेटली की कुनाचं ऐकायची न्हाई. नवऱ्यासंगं, म्हंजे सहादेव भावजींसंगं, बेलापूरकडं ऊसतोडीला जायची. मुकादमाच्या हिशेबात नवराबायकोची जोडी म्हंजे एक कोयता. एका साली भावजींना फडातच पान लागलं, सापाचं वीख चढून ते गेले, अन् बाई अर्धा कोयता झाली.

तवापासून भावजींचा कोयता तिच्या गठुड्यात, जाईल तिथं संगं. लाकडी मुठीला त्यांच्या बोटांच्या खाचा पडल्या हुत्या. निजताना बाई त्यात आपली बोटं घालायची. मी म्हनायची, बाई, लोखंड-लाकूड हाय ते, मानूस न्हाई. पन तिला भावजीच हवे हुते, दुसरं काई नको हुतं.

दुष्काळाच्या उन्हाळ्यात तालुक्याच्या बाजारात मारामारी झाली अन् पोलीस सगळ्यांची गठुडी उसकटाय लागले. बाईपाशी कोयता घावला. मनाई केलेलं हत्यार बाळगलं म्हनून खटला, अन् कोयता जप्त. शिक्षेचं तिला काई न्हाई. कोयता सरकारजमा हुईल, ह्या धसक्यानं तिला भाकर गिळंना.

वकिलानं पढवलं, धार लावायला लोहाराकडं नेत हुते, असं सांगा.

कोर्टात पात्याला मोजपट्टी लावली. नऊ इंचाच्या वर भरलं, म्हंजे कायद्यात सापडलं. सरकारी वकील म्हनला, हंगाम न्हाई, ऊस न्हाई, मग कोयता कशाला? अन् ही बया पढवलेलं सगळं इसरली.

“त्यानं मी काईच तोडत न्हाई, साहेब,” ती म्हनली. “आमच्या मालकाची मूठ हाय ती. तेवढी माझ्यापाशी ऱ्हाऊ द्या.”

झालं वाटोळं, म्हनलं मी मनात. पन जज्जसाहेबांनी चष्मा काढला. शेतीसाठी घडवलेलं अवजार कायद्यानं वगळलंय, म्हनाले. नुसती लांबी मोजून भागत न्हाई, वस्तू कशासाठी घडवली अन् बाई कुठल्या हेतूनं बाळगती, तेबी बघावं लागतं. बाई सुटली. कोयता परत द्यायचा हुकूम झाला.

मिळाला तो मुठीवर जप्तीचं लाखेचं सील घेऊन. लाख नेमकी खाचांत उतरलेली. बाईची बोटं बसंनात.

यष्टी स्टँडवर ती नखानं लाख खरडत बसली. आमची गाडी निघून गेली. मी चिडले, लई बोलले. ती मान वर करंना. शेवटी एक खाच मोकळी झाली. बाईनं त्यात बोट घातलं अन् डोळे मिटले.

“हायेत गं,” म्हनली, “अजून हायेत.”

मी तिच्या शेजारी बसले अन् दुसऱ्या खाचेतली लाख खरडाय घेतली.