प्रल्हादला मी जे वाचून दाखवलं

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. तुम्ही माझे कोण? कोणीच नाही—म्हणून कदाचित जमेल.

वरवट बकाल या गावचा प्रल्हाद आणि मी खामगावात एका खोलीत राहून तत्त्वज्ञानाचं एम.ए. करत होतो—बाहेरून, म्हणजे वर्ग नाही, शिक्षक नाही. प्रल्हाद जन्मापासून आंधळा. मी पुस्तक मोठ्यानं वाचायचो, तो ऐकायचा. परीक्षेत तो सांगायचा, लेखनिक लिहून घ्यायचा. एकदा ऐकलेलं तो विसरत नसे. पण जे ऐकलं, ते सारं माझ्या तोंडून. हे नीट लक्षात घ्या.

पहिल्या वर्षी तो माझ्या पुढे गेला. माझ्या आवाजावर शिकून—माझ्या पुढे! त्यातच तिथल्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची जागा निघणार असल्याचं कळलं. जागा एकच.

मी काय केलं असेल? पुस्तक लपवलं? आजाराचं सोंग केलं? तेवढंच केलं असतं तर बरं होतं. मी पुस्तक समोर धरलं आणि चुकीचं वाचलं.

ग्रीक तत्त्वज्ञानाच्या इतिहासाचा पेपर होता. सगळं सतत बदलतं, हे मत हेरॅक्लिटसचं. बदल हा भास आहे, जे आहे ते अचल आहे, हे पार्मेनिडीसचं. मी नावं उलटी केली. आणि मग जिथं जिथं ते दोघं आले—पार प्लेटोपर्यंत—तिथं तिथं उलटीच वाचत गेलो. आवाज जरासुद्धा हलला नाही. प्रल्हाद म्हणाला, "एक म्हणते सारं बदलते, एक म्हणते काहीच नाही. दोघायले आमच्या तालुक्यात आणून सोड बे, भांडण मिटते!" मी हसलो. मनापासून हसलो—हेही सांगायला हवं.

त्याचा तो पेपर गेला. "लेखनिकानं घोळ केला असन," एवढंच म्हणून तो गावी परतला. जागा मला मिळाली. पुढं आयुष्यभर मी ग्रीक तत्त्वज्ञान शिकवलं. बरोबर नावांनी.

मागच्या हिवाळ्यात त्याच्या गावात स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका उघडली. पाहुणा मी. त्यानंच आग्रह धरला होता. तो उठून हेरॅक्लिटस आणि पार्मेनिडीसबद्दल बोलू लागला, तर एक मुलगी म्हणाली, "आजोबा, नावं उलटी झाली ना." पोरं हसली. प्रल्हादही हसला. "पोरी, मले ह्यानं वाचून दाखवलं हाय. विचार त्याले." आणि त्यानं चेहरा माझ्याकडे वळवला.

खरं बोलायला याहून सोपी वेळ कोणती होती? एकच वाक्य तर बोलायचं होतं.

मी म्हणालो, "पोरगी बरोबर सांगते, प्रल्हाद. मी नीटच वाचलं होतं. वय झालं आता, तुझ्या ध्यानात राहिलं नाही."

तो "असन," म्हणाला, आणि चाचपडत खाली बसला.

त्याची बायको फोनवर सांगते, भावजी, हे आता काहीच ठामपणे बोलत नाहीत. जेवलो का, हेही मलाच विचारतात. परवा तिनं फोन त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, "भाऊ, मले अजून काय काय उलटं आठवते, तेवढं सांगशील काय?"

आवाज येत नाही म्हणालो—आणि फोन ठेवला.