प्रश्नाचा भाग (क)

कशेळ्याचे रशीदभाई बॅटरीवाले यांचा मृत्यू गुरुवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी कर्जतच्या एका खासगी रुग्णालयात झाला. वय अठ्ठावन्न. कागदावर कारण जंतुसंसर्ग असं आहे. कमरेखालच्या जखमेतून तो रक्तात पसरला. मला फोन आठ वाजता आला. दुपारच्या नमाजानंतर कशेळ्यात दफन झालं. मी हजर होतो. या गोष्टीला आता सहा आठवडे होत आले. ती जखम कशी झाली, हे रुग्णालयाच्या कागदावर नाही. ते इथे लिहितो आहे.

कर्जत–मुरबाड रस्त्यावर, जिथं वाड्यांवर जाणाऱ्या जीपा थांबतात, तिथं त्यांचं दुकान. गाड्यांच्या, इन्व्हर्टरच्या, पाण्याच्या पंपाच्या बॅटऱ्या विकायच्या, बसलेल्या चार्ज करून द्यायच्या. घराणं मूळचं किनाऱ्यावरचं, पण तीन पिढ्या कशेळ्यातच गेलेल्या. सोळा वर्षांपूर्वी मुरबाडहून माल आणताना त्यांची जीप उतारावर उलटली आणि मागच्या बॅटऱ्या त्यांच्या पाठीवर आल्या. कमरेखाली संवेदना राहिली नाही. त्या अपघाताची बातमी मी केली होती. तेव्हा मी मुंबईच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि कर्जतहून जाऊन-येऊन नोकरी करत होतो. बातमीत त्यांचं वय चुकलं होतं. रुग्णालयातून सुटल्यावर त्यांनी फोन करून ते दुरुस्त करायला सांगितलं... आमची ओळख तिथून. पुढे मी निवृत्त झालो आणि आठवड्यातून दोनदा तरी त्यांच्या दुकानात जाऊन बसायला लागलो. मला ते शेवटपर्यंत ‘पत्रकार’ म्हणत.

काही वर्षांपूर्वी कर्जतमध्ये एका संस्थेनं विजेवर चालणाऱ्या चाकाच्या खुर्च्या वाटल्या. खासदार आले, फोटो निघाले. रशीदभाईंना एक मिळाली, कळंबच्या नामदेवलाही एक मिळाली. नामदेव त्यांचा शाळेपासूनचा सोबती. एका रिसॉर्टवर राखणदार होता, साखरेच्या आजारात दोन्ही पाय गेले. खुर्चीमुळे रशीदभाईंचा दिवस बदलला. घर दुकानाच्या मागे, चढावर. सकाळी ते स्वतः दुकानात येत. दुपारी चढून घरी जात, तासभर कुशीवर पडत, पुन्हा खाली येत. डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं: एका जागी बसून राहायचं नाही, खालची कातडी मरते आणि तुम्हाला कळणारही नाही. ते हा नियम नमाजाइतका पाळत.

पण खुर्ची देणारे बॅटरी बदलायला येत नाहीत. कशेळ्याच्या चढउतारावर बॅटरी लवकर बसते. वाड्यांवरचे, कळंबकडचे खुर्चीवाले रशीदभाईंकडे येऊ लागले. ते खरेदीच्या भावात बॅटरी देत. एकदा नामदेवच्या बिलावर त्यांचं बोट थांबलं. खुर्चीचा एक सुटा भाग आणि बॅटरी, दोन ओळी एकाखाली एक, आणि दोन्हींवरचा कर वेगळा. बॅटरीवरचा जास्त. त्यांनी हिशेबनिसाला विचारलं. तो म्हणाला, खुर्ची अपंगांची वस्तू आहे, बॅटरी सगळ्यांची. रशीदभाई म्हणाले, खुर्चीतली बॅटरी काढून कोणी मोटारीत घालत नाही. हिशेबनीस म्हणाला, ते मंत्र्यांना विचारा.

त्यांनी ते शब्दशः घेतलं. आधी कर कार्यालयाला पत्र, मग मंत्रालयाला, मग दिल्लीला. पोच यायची, उत्तर यायचं नाही. बाजारात बातमी पसरली आणि जीपवाल्यांनी त्यांना ‘अर्थमंत्री’ म्हणायला सुरुवात केली. जीप दुकानासमोर हळू करून कोणीतरी विचारायचं, “काय अर्थमंत्री, डिझेल कधी उतरवताय?” ते पान्याने नट आवळत राहायचे. एकदा मीही म्हणालो की दर कमी होणं कठीण आहे. तेव्हा ते म्हणाले, “कमी करा असं मी म्हनतच नाय. का, येवढंच सांगा. कारण बरोबर असलं तर भरीन ना.”

शेवटी मीच सुचवलं की खासदारांमार्फत लोकसभेत प्रश्न टाकता येईल. मसुदा आम्ही दुकानात बसून केला. संसदेतल्या प्रश्नाचा साचा ठरलेला असतो. (अ) अमुक गोष्ट खरी आहे काय; (ब) असल्यास, शासन काय करत आहे; (क) कारणे काय आहेत. ते बोलत गेले, मी लिहीत गेलो. (अ) आणि (ब) माझे होते. (क) त्यांनी सांगितला: एकाच खुर्चीच्या दोन भागांवर दोन वेगळे दर ठेवण्याची कारणे काय आहेत. त्यांनी ते तीनदा वाचून घेतलं. त्या वेळी दुकानात नामदेव आणि दोन-तीन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर रशीदभाई म्हणाले की याचं उत्तर येईपर्यंत माझ्या खुर्चीत नवी बॅटरी बसणार नाही. नामदेव हसला. “उत्तर यायच्या आधी तूच बसशील रं.” रशीदभाईही हसले.

खासदारांचे स्वीय सहायक जुन्या महामार्गावर लोधिवलीत बसत. कागद घेऊन मी एकटाच गेलो. त्यांनी वाचला, चांगला आहे म्हणाले, पण शब्द मर्यादेबाहेर जातात. कमी करा, आजच पाठवायचा आहे. चहा आला होता. मी पेन काढलं. चौतीस वर्षं मी बातम्या कापल्या होत्या आणि बातमी खालून कापतात. महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली; जागा कमी पडली की शेवटचा परिच्छेद जातो. मी (क) कापला. फोन खिशात होता. रशीदभाईंना विचारलं नाही. चहा संपायच्या आत काम झालं.

प्रश्न सोडतीत निघाला, तोही तारांकित, म्हणजे मंत्री सभागृहात उभे राहून उत्तर देणार. असं क्वचित होतं. त्या दिवशी अकरा वाजता दुकानात टीव्ही लावला होता. रशीदभाईंनी पांढरा शर्ट घातला होता. त्यांच्या पत्नी, खैरून भाभी, दाराशी उभ्या होत्या. नामदेव कळंबहून टेंपोत खुर्ची चढवून आला होता. जीपवाले दोघंतिघं आत येऊन उभे राहिले. गोंधळामुळे प्रश्नोत्तराचा तास बंद पडतो, तसा त्या दिवशी पडला नाही. खासदारांनी क्रमांक वाचला. अर्थमंत्री उभे राहिले आणि म्हणाले की निवेदन पटलावर ठेवलं आहे. मग त्यातलं त्यांनी सांगितलं: दर वेगळे आहेत हे खरं आहे, हे दर जीएसटी परिषदेच्या शिफारशीनं ठरतात, सध्या बदलाचा प्रस्ताव विचाराधीन नाही.

पुरवणी प्रश्न खासदारांनी खालापूरच्या कारखान्यांविषयी विचारला. अर्थमंत्री म्हणाले, तो या प्रश्नातून निघत नाही. मागच्या बाकावरून दुसऱ्या एका सदस्यानं विचारलं की दर वेगळे का आहेत, ते तरी सांगा. अर्थमंत्र्यांनी हातातला कागद पाहिला. मूळ प्रश्नात कारण विचारलेलं नाही, विचारलं असतं तर ते घेऊन आलो असतो, असं ते म्हणाले. सभागृहात हशा झाला. अध्यक्षांनी पुढचा क्रमांक पुकारला. दुकानातही एक जीपवाला हसला आणि मग थांबला.

रशीदभाईंनी टीव्ही बंद करायला सांगितलं. माझ्याकडे पाहिलं.

“क कुठं गेला?”

शब्द जास्त होत होते, म्हणून मी काढला, असं मी सांगितलं.

“खालचा?”

“हो.”

“खालचा का?”

बातमीत तसंच करतात, मी म्हणालो. त्यांनी हात सीटखाली नेला. मग म्हणाले, “खुर्चीत बॅटरीपन खालीच असते, पत्रकार.”

या विषयावर ते माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. येणं-जाणं तोडलं नाही, चहा आधीसारखाच मागवत. अर्थमंत्र्यांच्या उत्तराची बातमी मी माझ्या जुन्या दैनिकाला पाठवली. रशीदभाईंचं नाव शेवटच्या ओळीत होतं. जागेअभावी ती ओळ छापली गेली नाही. खासदारांचं नाव दोनदा आलं.

बाजाराच्या दृष्टीनं उत्तर आलं होतं. आता बॅटरी बसवायला हरकत नाही, असं प्रत्येक जण त्यांना सांगून गेला. ते म्हणाले, उत्तर नाय आलं. पुढच्या अधिवेशनासाठी त्यांनी स्वतःच्या हातानं प्रश्न लिहिला. त्यात फक्त एक ओळ होती, ती कारणाची. मी तो लोधिवलीला नेऊन दिला. एकही शब्द बदलला नाही.

त्यांच्या खुर्चीची बॅटरी पावसाळ्यात पूर्ण बसली. अशी खुर्ची मोटारीसकट जड असते. बंद पडली की चढावर ढकलत नेणं भाभींना शक्य नव्हतं. सकाळी दोन जीपवाले त्यांना घरातून उचलून आणत आणि दुकानात खुर्चीत बसवत. संध्याकाळी ते धंदा आटोपून आले की उचलून नेत. दुपारी कोणी मोकळं नसे. दुपारचं कुशीवर पडणं बंद झालं. मागच्या फळीवर त्याच मापाच्या सात नव्या बॅटऱ्या होत्या. भाभींनी एकदा त्यातली एक काढून टेबलावर ठेवली. रशीदभाईंनी ती परत फळीवर ठेवायला लावली. नामदेव कळंबहून यायचा, नव्या बॅटरीवर सरसर फिरणारी आपली खुर्ची त्यांच्यासमोर वळवायचा. “काय रं बॅटरीवाल्या, तुजीच बसली व्हय?”

“तुजी चालू हाय ना? मंग फिर की.”

“तुज्या हट्टापायी दिल्लीवाले रडतायत बघ.”

“रडू दे. कारण सांगतील तवा पुसू.”

हे ऐकून गिऱ्हाईक हसायचं. मीही हसलो आहे. हट्ट सोडा, असं एकदा मी त्यांना म्हणालो. तुमी नका सांगू, असं ते शांतपणे म्हणाले आणि बॅटरीत पाणी भरत राहिले.

आमची शेवटची भेट त्यांना रुग्णालयात नेण्याच्या तीन दिवस आधी झाली. दुकानात वास होता. मला तो ॲसिडचा वाटला. त्या दुकानात तसा वास नेहमीच असे. त्यांचा चेहरा उतरलेला होता, अंगात कणकण होती. त्यांनी अधिवेशन कधी सुरू होतंय ते विचारलं. मी तारीख सांगितली. त्यांनी ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलनं टिपली. मी निघालो. जखम तेव्हा हाडापर्यंत गेलेली होती, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. त्यांना ती जाणवत नव्हती आणि घरी अंग धुणं-पुसणं ते एकटेच उरकत. आम्हा कोणालाच दिसली नाही, कारण ते तिच्यावर बसले होते.

नामदेव दफनाला आला, पण कबरस्तानाची वाट खुर्चीची नव्हती. तो रस्त्यावरच थांबला. परतताना मला म्हणाला, “मी गमतीनं म्हनायचो वो.”

अधिवेशन सुरू झालं तेव्हा त्यांना जाऊन पंचवीस दिवस झाले होते. त्यांच्या एका ओळीच्या प्रश्नाचं काय झालं, ते लोधिवलीहून मला लेखी मिळालं. सूचना स्वीकारलेली नाही. या विषयावरील प्रश्नाला सभागृहात यापूर्वीच उत्तर देण्यात आलं आहे.

चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यावर दुसऱ्या दिवशी मी कशेळ्याला गेलो. दुकान उघडं होतं. खैरून भाभी गल्ल्याच्या जागी बसल्या होत्या. खुर्ची होती तिथंच होती. बसण्याची गादी काढून टाकलेली होती. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलची खूण होती. मी कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी चष्मा शोधला नाही, मलाच वाचायला सांगितलं. मी वाचला.

“म्हंजे कारण नाय दिलं.”

“नाही.”

“पुन्ना विचारता येतं?”

“नाही येत, भाभी. आधी उत्तर दिलंय म्हणतात.”

“त्यात कारण होतं?”

“विचारलं नव्हतं.”

“का नव्हतं?”

रशीदभाईंनी त्यांना सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. लोधिवली, चहा, पेन, शेवटची ओळ. मी संपवल्यावर त्या उठल्या. फळीवरून एक नवी बॅटरी उतरवली, वरचं सील फाडलं, खाली बसून खुर्चीच्या सीटखालचं झाकण उघडलं. जुनी बॅटरी बाहेर ओढली. आधी लाल वायर, मग काळी. पान्यानं दोन्ही नट आवळले. चार्जर लावला. नामदेव खुर्ची न्यायला येणार होता. वरच्या वाडीतल्या एका बाईसाठी ती हवी होती. तो दीड वाजता टेंपो घेऊन आला. तोपर्यंत चार्जरवरचा दिवा हिरवा झाला होता. भाभींनी बटण दाबलं आणि हातावरची दांडी पुढे धरून त्या बाजूनं चालू लागल्या. रिकामी खुर्ची दुकानातून बाहेर पडली, रस्त्याला लागली आणि टेंपोला लावलेल्या फळीवरून एका दमात वर चढली.