फुंकेचा आवाज

बावीस वर्षं मी सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत प्रेस शॉपचा सुपरवायझर होतो. दिवसभर पत्र्यावर दणके. डायला, म्हणजे साच्याला, तडा जायला लागला की प्रेसचा आवाज किंचित बदलतो, आणि तो सगळ्यांच्या आधी मला कळायचा. तो ऐकता यावा म्हणून कंपनीने दिलेले इअरप्लग मी खिशातच ठेवायचो. त्याचा मला कोण गर्व! नव्या कामगारांसमोर मुद्दाम कान उघडे ठेवून मिरवायचो.

शेवटी रक्तदाबाने हात टेकायला लावले. डॉक्टरांनी नोकरी आणि तब्येत यांतलं एक निवडायला सांगितलं, आणि मी राजीनामा दिला. बासरी शिकायची लहानपणापासून राहून गेली होती. गंगापूर रोडला एक क्लास मिळाला. सर माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, मला काका म्हणायचे. सहा महिन्यांत गोळ्या कमी झाल्या, झोप लागायला लागली. बायकोबरोबर सकाळी फिरायलाही जायला लागलो. तिथे माझी रोजची कुरकुर ठरलेली.

"रस्ता रुंद करायच्या नादात झाडं तोडली, एक पक्षी शिल्लक ठेवला नाही या लोकांनी."

ती नुसतं "हं" म्हणायची.

क्लासमध्ये मात्र एकाच जागी गाडं अडलं होतं. सर परत परत म्हणायचे, "काका, फुंक वाया जातेय. सुराबरोबर नुसता वारा येतोय." मला तर माझा सूर स्वच्छ वाटत होता. एक दिवस माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सर, आवाजाचं मला सांगू नका. त्यातच माझे केस पांढरे झालेत."

सर रागावले नाहीत. त्यांनी स्वतःची बासरी घेतली आणि एकच सूर दोनदा वाजवला. "यातला खराब कुठला?"

दोन्ही मला सारखेच वाटले. मग त्यांनी सूर न काढता नुसती फुंक मारली. गाल हलले, ओठ हलले. शेजारी बसलेल्या मुलीने मान डोलावली. मला काहीच ऐकू आलं नाही. मी बासरी गवसणीत घातली आणि उठलो.

घरी आलो तेव्हा बायको मेथी निवडत होती.

"बासरीतून वारा येतो, ते तुला कळत होतं?"

तिचे हात थांबले. "पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, तुम्ही कंपनीतून यायचात ते ओरडतच. तुमची बस आली की पोरगी पुस्तकं घेऊन गच्चीवर जायची. बासरी आल्यापासून घरात आरडाओरडा नाही. म्हटलं, येऊ दे वारा."

मला वाटायचं मी बोलतोय. इतकी वर्षं मी घरात नुसता बोलत होतो, अशीच माझी समजूत होती. पोरगी आता सासरी असते, फोनवर मोजकंच बोलते, आणि मी तिला म्हणतो की नीट मोठ्याने बोल. त्या संध्याकाळी मला फार वाईट वाटलं. राग काढायला समोर कुणी नव्हतं. ते इअरप्लग माझ्याच खिशात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीसारखे निघालो. वळणावर जुनी चिंच अजून उभी आहे. तिच्याखाली आल्यावर बायकोने वर पाहिलं. ती रोजच तिथे वर बघायची, ते माझ्या आत्ता लक्षात आलं.

"पक्षी आहेत का गं?" मी विचारलं.

तिने माझा हात धरला आणि मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "आहेत. खूप आहेत."