तिसरं मशीन

सकाळी साडेसातला आमच्या वसाहतीचा माळी पाठीवर ब्लोअर चढवून दोरी ओढतो आणि इकडं माझा चहा गार होतो. बायको म्हणते, "अहो, पाला उडवतोय तो, बॉम्ब नाही टाकत." तिचं खरं आहे. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, आणि त्यातलं निम्मं आता विसरलो आहे. ही एक घटना मात्र विसरू म्हटलं तरी जमत नाही, कारण तिचा आवाज रोज खिडकीखाली येतो.

ज्यांनी ब्लोअर पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पेट्रोलवर चालणारा पंखा असतो तो. दप्तरासारखा पाठीला बांधायचा, हातात जाड नळी धरायची आणि वाऱ्यानं पालापाचोळा ढकलत न्यायचा. दहा बायकांच्या झाडलोटीचं काम एक माणूस करतो.

मी तेव्हा बेळगाव-खानापूर रस्त्यावरच्या एका ठाण्यात इन्स्पेक्टर होतो. माझं मूळ गाव निपाणीकडचं, बोरगावच्या अलीकडं. आमच्या हद्दीत सागाच्या रानाला लागून एक मोठं रिसॉर्ट होतं. पानगळीचे दिवस होते. सागाचं वाळकं पान पडताना पापड मोडल्यासारखा आवाज होतो, आणि तिथं दिवसभर तो आवाज चालू असायचा.

एका सकाळी रिसॉर्टचा मॅनेजर आणि बागेचा मुकादम तक्रार घेऊन आले. कुठला ब्लोअर विकत घ्यावा हे ठरवण्यासाठी दुकानदारानं तीन मशीनं वापरून बघायला दिली होती. त्यातलं सगळ्यात महागडं मशीन आदल्या दिवशी दुपारपासून गायब होतं, आणि ते चालवणारा साठीचा माळीही गायब होता. मुकादम म्हणाला, "आप्पा मशीन घिऊन पळाला, सायेब. दुसरं काय?" आमच्या रायटरनं चोरीची तक्रार लिहून घेतली.

तासाभरानं त्या माळ्याची लेक आली. माहेर कडोलीचं आणि दिलं होतं वडगावला, विणकरांच्या, मागवाल्यांच्या घरात. ती बाप हरवल्याची तक्रार द्यायला आली होती आणि रायटरनं तिला सांगितलं, तुझ्या बापावर चोरीचा गुन्हा आहे. ती खुर्चीवर बसली नाही.

"सायेब, माझा बाप दुसऱ्याच्या झाडाचा पडल्याला आंबा उचलत न्हवता. मिळंल तवा मिळंल, पन त्येच्या नावाम्होरचं चोर पुसून द्या. माझी लेकरं त्येचंच नाव सांगत्यात."

मी म्हटलं, "आक्का, शोधतो." पोलीस हे रोजच म्हणतो. त्याचं त्याला फार काही वाटत नाही.

त्याच दिवशी मी रिसॉर्टवर गेलो. उरलेली दोन मशीनं मुकादमानं दाखवली, आणि माणूस उत्साहानं सांगत होता. चार स्ट्रोकचं मशीन वजनाला जड, पण आवाज कमी, धूर कमी, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायला नको. दुसरं दोन स्ट्रोकचं लहान, पाठीला हलकं, वारा बेताचा, पण कर्कश एवढं की दात शिवशिवतात. मी विचारलं, आणि जे गेलं ते कसं होतं? "ते वाघ हुतं सायेब. दोन स्ट्रोकचंच, पन मोठं. रेस एकदा कळ लावून अडकवली की हात काढला तरी एकसारखं चालतंय. आडवं पडलं तरी बंद पडत न्हाय." मी डायरीत लिहून घेतलं. चोराचं वर्णन लिहावं तसं मशीनचं लिहून घेतलं, त्यातल्या शेवटच्या वाक्याचा विचार केला नाही.

चौथ्या दिवशी खबर आली. शेजारच्या शिवारात गवत कापणारी एक म्हातारी ठाण्यात आली आणि दारातच उकिडवी बसली. म्हणाली, आप्पा गेला त्या दुपारी यंत्र एकाच जागी वरडत होतं. आदल्या दिवशी ते इकडून तिकडं फिरत होतं, कमी-जास्त होत होतं. त्या दिवशी तासभर एकसुरी, न हलता. "आनि सायेब, ते वरनं न्हाय, खालनं येत हुतं. जमिनीच्या पोटातनं."

हवालदार हसला. मीही हसलो, हे कबूल करतो. तरी दोन शिपाई घेऊन तिनं दाखवलेल्या कोपऱ्यात गेलो. तिथं पुरुषभर उंचीचा पाल्याचा ढीग आणि शेजारी ताजं शेणखत टाकलेलं. बागेतले इतर गडी त्या बाजूला यायला तयार नव्हते. एकजण म्हणाला, तिथं उभं राहिलं की पायाला गार लागतंय. भर दुपारची वेळ होती. आम्ही पाल्यात काठ्या खुपसल्या. खाली टणक लागलं. शेणाच्या वासानं शिपायांनी नाकाला रुमाल लावले आणि आम्ही परत आलो. जमीन टणकच असते, असं मला वाटलं.

लेक एक दिवसाआड यायची. काही विचारायची नाही, बाकावर बसायची आणि तासाभरानं निघून जायची. माझा त्या बाकाकडं बघण्याचा धीर कमी होत चालला. अकराव्या दिवशी ती यायच्या आत आपण काहीतरी करावं म्हणून मी सकाळी सातलाच एकटा रिसॉर्टवर गेलो. धुकं होतं. सगळ्या बागेत घोट्याएवढा पाला, चालताना माझ्याच पावलांचा आवाज मला मागून येत असल्यासारखा वाटत होता. मी दोनदा वळून बघितलं.

त्या कोपऱ्यात पोचलो आणि थांबलो. ढीग बाजूला सारलेला होता. मधोमध खाटेएवढी जागा लख्ख, एक पान नाही. भोवतीनं पाल्याची भिंत, ब्लोअरनंच होते तशी गोल. मातीवर पावलांचे ठसे नाहीत, ते ब्लोअरच्या वाऱ्यानं पुसलेले. आणि त्या जागेच्या मधोमध एक दुरडी पालथी ठेवलेली होती.

दुरडी बघितल्यावर मी पुढं टाकलेलं पाऊल मागं घेतलं. आमच्याकडं माणूस गेला की त्या जागी पीठ पसरतात, दिवा ठेवतात आणि वर दुरडी पालथी घालतात. दुसऱ्या दिवशी ती उचलून पिठावर कशाचं पाऊल उमटलंय ते बघायचं, म्हणजे मेलेला कुठल्या जन्माला गेला ते कळतं. कुणी तिसऱ्याला करतात, कुणी दहाव्याला. माझ्या आईच्या वेळी मीच उचलली होती.

दुरडी उचलली. पणती विझलेली होती. पिठावर पाऊल नव्हतं, मुंगीचंसुद्धा नव्हतं. एक सरळ रेघ होती, पट्टीनं मारल्यासारखी, आणि माझ्या डोळ्यांदेखत रेघेतलं पीठ चिमूट चिमूट खाली जात होतं. मी हात धरला. फटीतून गार हवा वर येत होती. काठीला लागलं होतं ते टणक म्हणजे जमीन नव्हती, फळ्या होत्या.

आणि मग दुसरी गोष्ट डोक्यात आली. सगळ्यांच्या लेखी आप्पा पळून गेलेला होता. लेकीच्या लेखी हरवलेला. मग त्याचं पीठ कुणी पसरलं? जिवंत माणसाचा दहावा कुणी घालत नाही.

तहसीलदार आले, पंच बोलावले, अग्निशामक दलाचे लोक दोर घेऊन आले. फळ्या काढल्या, त्यातल्या दोन नव्या होत्या. खाली जुनी कोरडी विहीर, निम्मी पाल्यानं भरलेली. पाला उपसायला संध्याकाळ झाली. आप्पा तळाशी होता. मशीन अजून पाठीला बांधलेलं, रेसची कळ लावलेली आणि टाकी कोरडी ठणठणीत.

गड्यांना विचारलं तर सगळ्यांनी कानावर हात ठेवले. ढीग हलवण्याचं काम मुकादमाशिवाय कुणी करत नव्हतं, एवढं मात्र सगळे म्हणाले. मुकादमाला ठाण्यात आणलं. मी त्याला हात लावला नाही. दुकानदाराचा मेकॅनिक बोलावला, ती उरलेली दोन मशीनं ठाण्याच्या आवारात ठेवली आणि मुकादमाला समोर बसवून म्हटलं, "मुकादम, कुठलं घ्यायचं ते तूच सांगणार होतास ना? मग सांग."

मेकॅनिकनं चार स्ट्रोकचं चालू केलं. घूंऽऽ असा खालचा आवाज. मुकादम जमिनीकडं बघत होता. मी मुद्दाम साधं बोलत राहिलो, "आवाज कमी आहे की रं. आपण बोललेलं ऐकू येतंय." त्यानं मान हलवली. मग मेकॅनिकनं लहान मशीनची दोरी ओढली. ते किंचाळलं आणि मुकादमानं दोन्ही कान गच्च दाबून धरले.

"बंद करा! बंद करा त्ये, सायेब!"

"पहिल्या दिवशी तू म्हणालास, ते मोठं मशीन आडवं पडलं तरी बंद पडत नाही. दुकानातनं येऊन एक दिवस झाला होता त्याला. आडवं पडलेलं कधी बघितलंस?"

मग तो बोलला. मालकानं ती विहीर बुजवायला सांगून दोन वर्षं झाली होती. यानं फळ्या टाकल्या, वर माती ओढली, बुजवली म्हणून सांगितलं आणि बागेतला सगळा पाला त्यावर लोटत राहिला. त्या दुपारी आप्पा मोठं मशीन पाठीवर घेऊन, कानाला आवाज न येण्यासाठीची झाकणं लावून मागं मागं आला. हा ओरडला, पण त्याला कुठलं ऐकू येणार! कुजकी फळी मोडली.

"मशीन खाली चालूच हुतं. मी म्हटलं, मानूस बोलवावा. मग म्हटलं, बोलवलं तर हीर दिसंल, नोकरी जाईल. थोडं थांबावं. तासाभरानं मशीन बंद पडलं."

"मग?"

"मग हाक आली, सायेब."

मी मानेनंच पुढं बोल म्हटलं.

"लई बारीक. मला नावानं हाक मारली. मी चार स्ट्रोकचं चालू केलं, पाला ढकलायला. पन त्येचा आवाज कमी. हाक ऐकू येतच हुती. म्हनून... म्हनून तिसरं घेतलं, ते ल्हान, किंचाळनारं."

मी उठून बाहेर गेलो आणि नळाखाली तोंड धुतलं. इतक्या वर्षांत चौकशी अर्धी टाकून मी एकदाच उठलो आहे.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, हे वाचकांना ठाऊक असेल. पण दुरडी त्याच्या घरची होती, नव्या फळ्या त्यानंच आणल्या होत्या, टाकी रिकामी होती आणि त्या गवतवालीचा जबाब होता. उलटतपासणीत वकिलानं तिला वेडी ठरवायचा खटाटोप केला, पण बाई एका शब्दानंही हलली नाही. मुकादमाला शिक्षा झाली. तो दुष्ट होता असं म्हणून मला सुटता येत नाही. तो भित्रा होता. आज सांगू, घटकाभरानं सांगू, असं म्हणत गेला आणि त्या घटकेत माणूस मारला. पीठही त्यानं भीतीपोटीच पसरलं. आप्पा कुठल्या रूपानं परत येतो, ते त्याला बघायचं होतं.

खटला उभा राहायच्या आधीच चोरीची तक्रार खोटी ठरल्याचा अहवाल मी कोर्टात पाठवला होता आणि त्याची प्रत घेऊन स्वतः वडगावला गेलो. माग धडधडत होते. लेकीनं ते बंद करायला लावले. कागद तिनं मला मोठ्यानं वाचायला सांगितला, तोही लेकरांना बोलावून. मग लेकरं बाहेर गेल्यावर विचारलं, "सायेब, आप्पांनी हाक मारली आसंल काय?"

खोटं बोलायचं मी ठरवून गेलो होतो. पण ठाण्यातल्या चार माणसांनी ते ऐकलं होतं, आज ना उद्या तिच्या कानावर जाणारच होतं.

"मारली, आक्का."

तिनं डोळ्याला पदर लावला नाही. म्हणाली, "म्हंजे ऐकनारं कुनी तरी हुतं."

त्या वाक्यात मीही होतो. माझ्या ठाण्यात एक म्हातारी चौथ्या दिवशी येऊन सांगून गेली होती, आणि मी हसलो होतो. डॉक्टर म्हणाले, तोवर सगळं संपलेलं होतं. असेलही. पण मी हसलो तेव्हा मला ते ठाऊक नव्हतं. पोलिसानं माणसाकडं बघायला शिकावं असं आम्हाला सांगत. मी या वयात सांगतो, आधी ऐकायला शिकावं.

आमच्या वसाहतीच्या माळ्याला मी चक्रम म्हातारा वाटत असणार. रोज सकाळी त्याचं काम अर्ध्यावर आलं की मी खाली उतरतो आणि म्हणतो, "अण्णा, एक मिनिट बंद कर रं." तो हसून बंद करतो. मग पानं पडतात, लांब कुठं तरी कुत्रं भुंकतं, एखादं पोर रडतं. मी मिनिटभर ऐकतो. मग त्याला हात करतो आणि वर येऊन गार चहा पितो.