घोडीचं नाव छापलं

कारकुनानं शाईची डबी लाकडी पट्टीनं माझ्याकडे ढकलली. हाताला हात लागू नये म्हणून. म्हणाला, "इथं अंगठा कर."

धुळ्याला वकिलाच्या घरी ही गोष्ट. वकील म्हणजे आमच्या गावच्या पाटलाचा नातू. तो खुर्चीत. मी दाराशी, चपलांजवळ उभा. बायको जाऊन महिना झाला होता.

वकील आपल्या घराण्याचं पुस्तक छापत होता. कागदपत्रांत काही सापडेना, तेव्हा आमच्या महारवाड्यात आला होता. जन्मात कधी नाही ते मला "आबा" म्हणाला. तिथंच ओळखायला पाहिजे होतं. माझ्या म्हातारीनं, बायकोनं, ओळखलं. अंथरुणावरून म्हणाली, "पह्यले बाबानं नाव लिखाडा, मंग सांगा." म्हणजे आधी पणज्याचं नाव लिहवून घ्या, मगच सांगा. मी ऐकलं नाही. बठ्ठं, अगदी सगळं, सांगून बसलो.

माझ्या आजाच्या तोंडून ऐकलेलं ते. वकिलाचा पणजोबा तेव्हा पाटील, त्याच्या मागं मारेकरी लागले होते. माझा पणजा सटवा. त्यानं पाटलाला आठ दिवस आपल्या झोपडीत लपवलं. आमची भाकरी खाऊ घातली. मग घोडीवर बसवून गिरणेपार नेलं. परत आला तर मारेकऱ्यांनी गाठलं. पाटील कुठं, विचारलं. सटवा बोलला नाही. त्यांनी त्याला मारून टाकलं.

आता छापील पान समोर होतं. खाली ओळ होती, वरील हकिकत मी सांगितली, ती खरी आहे. मी दुसरी शिकलेला. त्यांना ते ठाऊक नव्हतं. पान उचललं, एकेक अक्षर लावत गेलो.

कारकून हसला. "उलटं नाही ना धरलं, आबा?"

सुलटंच होतं. 'चांदणी नावाच्या पांढऱ्या, इमानी घोडीने, एका महाराच्या सोबतीने, पाटलांना नदीपार नेले.'

घोडीला नाव. घोडीचा रंगसुद्धा. सटवा नाही. आठ दिवस नाहीत. मरण नाही. म्हातारीचा संशय खरा निघाला, आणि ते ऐकायला ती उरली नाही.

"घोडीनं नाव शे," मी म्हणालो. "मन्हा पणजानं नाव कोठे शे?"

"एवढंच ना?" कारकून म्हणाला. "हातानं लिहून टाकतो. कर अंगठा."

"आनि भाकर?"

वकील कारकुनाकडे बघून बोलला, "तेवढं कसं छापणार? आमच्या पोरींच्या सोयरिकी व्हायच्यात."

म्हणजे हा विसरला नव्हता. पुसत होता. आणि पुसायला अंगठा माझा पाहिजे होता.

मी पान खाली ठेवलं. "अंगठा देत नाही."

"मग दुसऱ्या कुणाचा घेऊ," वकील म्हणाला.

घेईल. आमच्यातलाच कुणी देईल. पण पुस्तक गावात येईल त्या दिवशी मी चावडीवर उभा राहणार. सगळ्यांदेखत सांगणार, हे पान खोटं आहे. पाटलाला जगवलं त्याचं नाव सटवा, आणि पाटील आठ दिवस त्याच्या घरी जेवला. हाकलतील. मारतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच उभा राहीन.