भोपळ्यावरची पहिली सुरी

गेल्या नवरात्रात, अष्टमीला सकाळी पावणेदहाच्या सुमारास, कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या आमच्या इमारतीत शेजारच्या काकूंनी अख्खा लाल भोपळा स्वतःच्या हाताने कापला.

अख्ख्या भोपळ्यावर पहिली सुरी बाईने चालवायची नाही, भोपळा म्हणजे थोरला मुलगा, असं त्यांच्याकडे मानत. काका होते तोवर ते काम काकांचं. बँकेतल्या बदलीने ते कोलकात्याला आले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिले. ते गेल्यावर काकू भोपळा लिफ्टने खाली नेत आणि दरवानाकडून एक घाव घालून आणत. त्या दिवशी दरवान पूजेच्या सुट्टीवर होता. समोरचं बंगाली कुटुंब पुरीला गेलं होतं. नैवेद्याला घारगे हवे होते. काकूंना एकच मुलगा, बंगळूरला नोकरीला.

मी बातमीदार होते. सवयीने विचारलं, "हे तुम्हाला सांगितलं कोणी?"

"सासूबाईंनी."

"त्यांना?"

"त्यांच्या सासूबाईंनी. आता तिथे फोन लावणार आहेस?"

मी साताऱ्याला त्यांच्या नणंदेला फोन लावून स्पीकरवर काकूंच्या हातात दिला. ती म्हणाली, "रूढी आहे, वहिनी. विचारायचं नसतं."

काकूंनी शाळेत संस्कृत शिकवलेलं. फोन ठेवून म्हणाल्या, "रूढी. रुह् धातू. उगवणं, वाढणं. पेरलं कोणी, ते शब्दातही नाही."

मी त्यांच्या कपाटातला शब्दकोश पाहिला. धातू बरोबर होता.

तरी सुरी ओट्यावरच राहिली. "तुझं ठीक आहे. मुलगा माझा आहे."

"मग त्यालाच विचारा."

व्हिडिओ कॉलवर मुलाने ऐकून घेतलं. "आई, दोन वर्षं तुझ्या हातचे घारगे नाहीत, त्यानेच मी खंगलोय. काप."

काकूंनी फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा केला, तो समोर दिसेल असा. देठाजवळ सुरी रोवली आणि दोन्ही तळव्यांनी दाबली. भोपळा दुभंगला.

"आहेस ना रे?"

"आहे. पण तिरका कापलास."

"किसायचाच आहे. गप्प बस."

मग त्यांनी साताऱ्याला स्वतः फोन लावला. "वन्सं, कापला," एवढंच म्हणाल्या.

साडेअकराला नैवेद्य दाखवला. दिवाळीला मुलगा घरी आला. तोवर काकूंनी आणखी दोन भोपळे कापले होते.